शिरोड्याचे खांडेकर मास्तर



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला विषयही सोबतच दिला: अडचणींच्या काळातला सकारात्मक दृष्टिकोन. खरं सांगायचं तर विषय वाचून मी थोडी नाराजच झाले. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर रोज सकाळी सातच्या आत याच विषयावरचे निदान चार संदेश येऊन पडलेले असतात. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि खाली उपदेश. त्यात मी आणखी काय भर घालणार?

त्या रात्री कसालला आईशी फोनवर बोलताना हा विषय तिला सांगितला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातचे घावणे खाल्ले आहेत, पण सगळ्यांना हे ठाऊक नसेल की काचबिंदूमुळे गेली तीन वर्षं तिला जवळजवळ दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, माणूस समोर आहे एवढं कळतं, बस्स. विषय ऐकून ती हसली आणि म्हणाली की माझी दृष्टी तर गेली, आता कोन तेवढा उरला आहे, तर तू त्या कोनाबद्दलच लिही.

म्हणून हा लेख. आणि तो लिहिण्यासाठी मला फार लांब जावं लागलं नाही. कसालहून कुडाळ, वेंगुर्ला करत शिरोड्यापर्यंत जावं लागलं, इतकंच.

झालं असं. आई मोठी वाचणारी. दुपारची कामं आटोपली की ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची, हे तिचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर कायम आहे. डोळे गेल्यावर तिला सगळ्यात जास्त खुपलं ते वाचन बंद होणं. मी पुण्यात, ती कसालला. मग आम्ही ठरवलं की रोज रात्री साडेनऊला मी फोनवर वीस मिनिटं वाचायचं. पहिलं पुस्तक कोणतं, तर त्याच सुमारास ग्रुपवर वि. स. खांडेकरांच्या नावाने स्वप्न तुटल्यानंतरच्या जगण्याबद्दलचा एक उतारा फिरत होता, तो मी तिला वाचून दाखवला. तिने तो ताबडतोब ओळखला. हा 'अमृतवेल'मधला आहे, नुसता तुकडा कसला वाचतेस, अख्खी कादंबरी वाच, असा हुकूम झाला.

'अमृतवेल' अर्ध्यावर आली असताना तिने मध्येच मला थांबवलं आणि विचारलं की खांडेकरांचे डोळेही शेवटी गेले होते ना? मग त्यांना कोण वाचून दाखवत असेल? मला उत्तर माहीत नव्हतं. शाळेत आपण त्यांचे धडे वाचले, लेखक-परिचयाच्या चार ओळी पाठ केल्या, ज्ञानपीठ कोणत्या वर्षी मिळालं याचं उत्तर लिहून एक गुण मिळवला. पण हा माणूस आपल्याच भागातल्या एका खेड्यातल्या शाळेत अठरा वर्षं मास्तर होता, हे मला तरी कधी ठसठशीतपणे जाणवलं नव्हतं. मग मी त्यांचं आयुष्य वाचायला घेतलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत झाला. तेव्हाचं त्यांचं नाव गणेश आत्माराम खांडेकर. वडील सांगली संस्थानात मुन्सफ होते, म्हणजे सुरुवातीचे दिवस बरे होते. पण मुलगा शाळेत असतानाच वडील गेले आणि घराची घडी विस्कटली. त्यातच मुलाची प्रकृती नाजूक आणि दृष्टी लहानपणापासूनच अधू. अशा मुलाला पुस्तकांचं वेड लागावं ही एक गंमतच. नाटकांचंही वेड होतं. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, तेव्हा त्यात नवल नाही.

१९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. त्या वेळच्या पुण्यात एका साहित्यवेड्या तरुणाला काय काय मिळत असेल याची कल्पना करा. राम गणेश गडकऱ्यांसारख्या माणसाचा सहवास त्यांना तिथे लाभला. पुढे १९३२ मध्ये त्यांनी गडकऱ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, यावरून तो सहवास किती आत रुजला होता ते समजतं. पदवी, मग साहित्य, मग नाव, असा रस्ता त्या मुलासमोर स्वच्छ दिसत असणार.

आणि इथेच तो रस्ता वळला. १९१६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते नात्यातल्या एका काकांना दत्तक गेले. काकांचं नाव सखाराम खांडेकर आणि गाव नानेली. होय, आपल्याच कुडाळ तालुक्यातलं नानेली. त्या वेळी ते सावंतवाडी संस्थानात होतं. दत्तक गेल्यामुळे नाव बदललं. गणेश आत्मारामचे विष्णू सखाराम झाले. दत्तक जाण्याने शिक्षणाला आधार मिळेल ही आशा मात्र फोल ठरली. पदवी न घेताच कॉलेज सुटलं, पुणं सुटलं आणि हा तरुण कोकणात येऊन पडला.

आपण इथलेच असल्यामुळे कोकण म्हटलं की आपल्याला फणस, समुद्र आणि मे महिन्याची सुट्टी आठवते. पण शंभर वर्षांपूर्वीच्या नानेलीचा विचार करा. वीज नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्याचे चार महिने जगाशी संबंध नाही आणि हिवतापाची कायमची धास्ती. पुण्याच्या साहित्यिक बैठकांत बसलेल्या, अठरा-वीस वर्षांच्या, नाजूक तब्येतीच्या मुलाला हे सगळं कसं वाटलं असेल? आपलं नावसुद्धा आपलं राहिलं नाही, असं त्याला एखाद्या रात्री वाटलं नसेल का?

मला वाटतं, आपण चरित्रं वाचताना ही वर्षं भराभर उलटतो. कारण पुढे काय होणार ते आपल्याला माहीत असतं. पुढे ज्ञानपीठ आहे, पद्मभूषण आहे. पण त्या मुलाला ते माहीत नव्हतं. त्याच्यापुढे फक्त सुटलेलं कॉलेज होतं.

१९२० च्या एप्रिलमध्ये खांडेकर शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. वय बावीस. शिरोडं त्या वेळी ब्रिटिश मुलखात, वेंगुर्ल्याच्या बाजूला. मिठागरं, माडांची बनं, समुद्र आणि कष्टकरी वस्ती. खासगी शाळा, तीही खेड्यातली, म्हणजे पगार तुटपुंजा असणार हे सांगायलाच नको. आपल्या शाळेतल्या जुन्या गुरुजींना आणि बाईंना हे जास्त समजेल. खेड्यातल्या शाळेत मास्तर फक्त शिकवत नाही. मुलाची फी राहिली तर घरी जाऊन समजूत घालायची, मुलगी मोठी झाली म्हणून शाळा सुटत असेल तर बापाशी बोलायचं, हेही तोच करतो.

आता इथे एक गोष्ट घडू शकली असती, आणि ती घडली असती तर कोणी त्यांना दोषही दिला नसता. ते ही नोकरी तात्पुरती समजून दिवस ढकलू शकले असते. माझी जागा पुण्यात होती, नशिबाने मला इथे आणून टाकलं, असं जन्मभर म्हणत राहू शकले असते. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मी स्वतःही काही वर्षं अशीच होते. इंजिनिअरिंगनंतर मला हवी ती नोकरी मिळाली नाही, जी मिळाली तिच्याकडे मी बराच काळ एखाद्या बसस्टॉपसारखं पाहत होते. खरी गाडी नंतर येणार आहे, असं समजून.

खांडेकर मास्तर शिरोड्यात बसस्टॉपवर थांबल्यासारखे राहिले नाहीत. ते तिथे अठरा वर्षं राहिले आणि शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९२९ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि संसारही तिथेच मांडला गेला. याच खेड्यात बसून त्यांनी लिहायला सुरुवात केली. कविता, टीकालेख, मग कथा. सावंतवाडीहून निघणाऱ्या 'वैनतेय' साप्ताहिकात ते लिहीत. दिवसा शाळा आणि रात्री कंदिलाच्या उजेडात लेखन, आणि डोळे तर आधीच कमजोर.

१९३० हे साल शिरोड्याच्या इतिहासात मोठं आहे. त्या वर्षी मे महिन्यात इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. ठिकठिकाणचे सत्याग्रही या छोट्या गावात आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. खांडेकर तेव्हा याच गावात शिक्षक होते. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' प्रसिद्ध झाली. पाठोपाठ 'कांचनमृग' आली आणि १९३४ मध्ये 'उल्का' आणि 'दोन ध्रुव'. 'दोन ध्रुव' या नावातच श्रीमंती आणि गरिबी अशी दोन टोकं आहेत. गरीब, पिळलेली, पण स्वाभिमान न सोडणारी माणसं त्यांच्या लेखनात जागोजागी भेटतात. पुण्यातच राहिलेल्या पदवीधर खांडेकरांना ती इतक्या जवळून दिसली असती का? मला शंका आहे. जे गाव त्यांच्या वाट्याला नाइलाजाने आलं, त्याच गावाने त्यांना लेखक म्हणून उभं केलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मला पुन्हा गुलाबाच्या फुलाखालचा उपदेश लिहायचा नाही. खांडेकरांना शिरोड्यात आनंदीआनंद होता, असं माझं मुळीच म्हणणं नाही. तब्येतीच्या तक्रारी होत्या, पैशाची ओढाताण होती, डोळ्यांचा त्रास होता. त्यांच्या कथा-कादंबऱ्या उघडल्या तर त्यांत हसण्यापेक्षा आसवंच जास्त आहेत. त्यांच्या एका कादंबरीचं तर नावच 'अश्रू' आहे. दुःख नाही असं त्यांनी कधी दाखवलं नाही. त्यांनी निवडली ती दुसरी गोष्ट. आपल्यावर काय आलं याचा हिशोब मांडत बसण्यापेक्षा समोर बसलेल्या मुलांचं आज काय करायचं, हा प्रश्न त्यांनी रोज सकाळी हातात घेतला. सलग अठरा वर्षं घेतला.

त्यांच्या वाट्याला दुसरी संधी आली ती चित्रपटांमुळे. कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी त्यांना पटकथेसाठी बोलावलं आणि १९३६ मध्ये हंस पिक्चर्सचा 'छाया' पडद्यावर आला. कथा खांडेकरांची. चित्रपट गाजला. पाठोपाठ 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' असे चित्रपट आले. एका खेड्यातल्या मुख्याध्यापकाचं नाव महाराष्ट्रभर झालं. अखेर १९३८ मध्ये त्यांनी शिरोडं सोडलं आणि ते कोल्हापूरला स्थायिक झाले. बावीस वर्षांचे आले होते, चाळिसाव्या वर्षी गेले. माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात उमेदीची वर्षं त्यांनी आपल्या या भागाला दिली.

१९४१ मध्ये सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तोपर्यंत ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ही मराठी कादंबरीतली दोन मोठी नावं झाली होती. दोघेही कोल्हापुरात. फडके कलेसाठी कला मानणारे, खांडेकर जीवनासाठी कला मानणारे, आणि वाचकांचे तट पडलेले. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत यावरून घराघरांत वाद होत.

टीकाही पुष्कळ झाली. फार आदर्शवादी लिहितात, भाषा उपमांनी लादलेली असते, पात्रं भाषणं करतात, असं टीकाकार म्हणत. पुढच्या पिढीतल्या लेखकांनी तर त्यांना जुनाट ठरवलं. खोटं कशाला बोलू, 'अमृतवेल' वाचताना मलाही काही ठिकाणी असं वाटलं. मी आईला तसं म्हटलं तर तिने एवढंच सांगितलं की तू वाच, ते माझं मी बघते.

१९४२ मध्ये 'क्रौंचवध' आली आणि त्यानंतर खांडेकरांची नवी कादंबरी बराच काळ आलीच नाही. पुढची 'अश्रू' आली ती १९५४ मध्ये. बारा वर्षं. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला लेखक बारा वर्षं कादंबरी लिहीत नाही, ही साधी गोष्ट नाही. या काळात महायुद्ध झालं, फाळणी झाली, गांधीजींची हत्या झाली. ज्या ध्येयांवर त्यांच्या पिढीने जीव लावला होता ती स्वातंत्र्यानंतर डोळ्यांदेखत विटत चालली होती. ज्याचं सगळं लेखन माणसाच्या चांगुलपणावरच्या विश्वासावर उभं, त्याने अशा वेळी काय लिहायचं?

हा मुक्काम मला फार महत्त्वाचा वाटतो. सकारात्मक राहायचं म्हणजे कायम उत्साहात, कायम पुढे, असं आपण धरून चालतो. मग थोडं थांबलो, गप्प झालो, की आपण हरलो असं वाटायला लागतं. खांडेकर कादंबरीच्या बाबतीत बारा वर्षं थांबले, पण हात टेकून बसले नाहीत. याच काळात लघुनिबंध लिहिले, रूपककथा लिहिल्या. रूपककथा म्हणजे एखाद्या पानाची, दिव्याची, झऱ्याची इवलीशी गोष्ट, दीड-दोन पानांची, पण मनात घर करणारी. मराठीत हा प्रकार रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९४४ मध्ये 'सुवर्णकण'मधून खलील जिब्रानची ओळख त्यांनी मराठी वाचकांना करून दिली. मोठी विहीर आटली तेव्हा त्यांनी लहान झऱ्यांवर भागवलं, असंच म्हणायला हवं.

आणि मग १९५९ मध्ये 'ययाति' आली. तेव्हा खांडेकर एकसष्ट वर्षांचे होते. गोष्ट महाभारतातली. ययाति राजाला शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण येतं, आणि भोगाची तहान न भागल्यामुळे तो आपल्या मुलाकडे, पुरूकडे, त्याचं तारुण्य मागतो. खांडेकरांनी ही गोष्ट ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली, आणि समोर कच उभा केला. सगळं मिळूनही अतृप्त राहिलेला राजा, आणि काहीच न मिळूनही शांत राहिलेला कच. वरवर पुराणातली, पण खरं तर आपल्याच काळाची कादंबरी. अजून हवं, अजून हवं, म्हणत धावणाऱ्या माणसांची. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे तर ही धाव रोज पाहते, आणि त्या धावणाऱ्यांत मीही असतेच.

'ययाति'ला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये 'अमृतवेल' आली. तिची नायिका नंदा. तिचा होणारा जोडीदार विमान अपघातात जातो आणि तिचं जग तिथेच संपतं. पुढे ती एका परक्या घरात जाऊन राहते, तिथल्या माणसांच्या दुःखात गुंतत जाते, आणि दुसऱ्यांची जखम बांधता बांधता स्वतः उभी राहते. ग्रुपवर फिरणारा तो उतारा या गोष्टीतला आहे. पण उतारा वाचून वाटतं की नवं स्वप्न पाहणं ही मनाने ठरवण्याची, चुटकीसरशी होणारी बाब आहे. अख्खी कादंबरी वाचल्यावर समजतं की नंदाला त्यासाठी कितीतरी पानं लागतात. आई म्हणते ते बरोबर आहे. तुकडा वाचू नये.

१९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. पण घरातलं चित्र वेगळं होतं. पत्नी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. आणि लहानपणापासून अधू असलेले डोळे आता पुरते जायला निघाले होते. अखेरच्या काही वर्षांत दृष्टी संपूर्ण गेली.

ज्याचं उभं आयुष्य अक्षरांत गेलं, त्याची अक्षरंच गेली. आई ओसरीवरून हात धरून घरात येते तेव्हा मला त्यांची आठवण येते. या वयात पुन्हा एकदा तोच प्रश्न त्यांच्यापुढे आला असणार, जो नानेलीत अठराव्या वर्षी आला होता. हातातलं काढून घेतलं गेलं आहे, आता काय?

त्यांनी सांगून लिहून घ्यायला सुरुवात केली. ते बोलत आणि लेखनिक लिहून घेत. हे ऐकायला सोपं वाटतं. पण लिहिणारा माणूस हाताने विचार करतो. खोडतो, बाणाने वर नेतो, समासात काहीतरी टिपून ठेवतो. ते सगळं आता डोक्यात सांभाळायचं, आणि दुसऱ्याच्या वेळेनुसार, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात उतरवायचं. इंग्रजी कवी मिल्टनने आंधळेपणी आपलं महाकाव्य असंच सांगून लिहून घेतलं होतं. आमचे मास्तर त्याच वाटेने गेले. वाचनही दुसऱ्याच्या डोळ्यांनी. म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्यांना वाचून दाखवणारी माणसं होती, आणि त्यांनी त्या माणसांवर अवलंबून राहणं स्वीकारलं. मला वाटतं, सत्तरी ओलांडलेल्या, अख्ख्या महाराष्ट्राने मान दिलेल्या माणसाला हे स्वीकारणं अंधत्वाइतकंच जड गेलं असेल. पहिले सहा महिने आईने मला वाचू दिलं नव्हतं. तुझा वेळ जातो, म्हणायची.

१९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार 'ययाति'साठी खांडेकरांना जाहीर झाला. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. सन्मान झाला तेव्हा ज्या पुस्तकासाठी तो होता, त्याचं पानही त्यांना दिसत नव्हतं. मराठीबाहेर तमिळ आणि गुजराती वाचकांनीही त्यांना आपलं मानलं होतं. तमिळमध्ये तर त्यांच्या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या गेल्या. अखेरपर्यंत त्यांचं काम चालू होतं. आत्मकथनही ते सांगत होते, ते 'एका पानाची कहाणी' या नावाने त्यांच्या मागे पुस्तकरूपात आलं. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. जन्मगाव सांगली तिथून हाकेच्या अंतरावर. सोळा कादंबऱ्या, अडीचशेच्या आसपास कथा, शिवाय निबंध, टीका, पटकथा एवढं मागे ठेवून हा माणूस गेला.

गेल्या दिवाळीत मी आईला घेऊन शिरोड्याला गेले. खांडेकरांच्या नावाचं स्मृती संग्रहालय तिथे आहे, तसंच ते कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही आहे. आईला वस्तू दिसणार नव्हत्या, म्हणून मी एकेक सांगत गेले. मग आम्ही वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो. तिला समुद्र ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, मिठागरं अजून आहेत का? आहेत म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

परतताना गाडीत मी विचार करत होते की या माणसाकडून नक्की घ्यायचं काय. आपल्या वर्गातल्या प्रत्येकाच्या वाट्याला या वर्षांत काही ना काही आलं आहे. कुणाचा जोडीदार गेला, कुणाचा धंदा कोविडमध्ये बसला, कुणाचं मूल आजारी आहे. आपल्यातले दोघे तर या संमेलनाला नसतील, ते केव्हाच पुढे गेले. अशा कुणाला सकारात्मक राहा म्हणून सांगणं मला जमणार नाही. खांडेकरांनीही ते रडणाऱ्याच्या तोंडावर फेकलं नसतं. आणि हेही खरं, की नुसत्या दृष्टिकोनाने काही होत नाही. त्यांना नानेलीनंतर शिरोड्याची शाळा मिळाली, डोळे गेल्यावर लेखनिक मिळाले. माणसाने निवड करायची, पण ती निभावायला कुणीतरी हात द्यावा लागतो. एकट्याच्या मनोबलाच्या गोष्टी सांगताना आपण हा हात नेमका विसरतो.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे, आणि तो या लेखाच्या निमित्ताने सगळ्यांपुढे ठेवते. ही स्मरणिका आपण ज्यांच्या हातात देणार आहोत, त्या आपल्या सरांपैकी आणि बाईंपैकी बरेच जण आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. किती जणांना ही बारीक अक्षरं वाचता येतील? तर प्रत्येकाने आपापला लेख आपल्याच आवाजात मोबाईलवर वाचून मला पाठवावा. उच्चार चुकले तरी चालतील, मालवणी हेल आला तर उत्तमच. सगळे आवाज एकत्र जोडून, गुरुजनांना एका बटणावर ऐकता येतील असे त्यांच्या फोनवर घालून देण्याचं काम माझं. तेवढं तांत्रिक काम मला येतं. सर तास घेत होते तेव्हा आपण मागच्या बाकावर बसून कुजबुजत होतो. आता ते शांत बसतील आणि आपण वाचू.

माझा लेख मी सगळ्यात आधी आईला वाचून दाखवला. तिला दोन ठिकाणी माझी वाक्यं लांबली असं वाटलं, ती मी कापली. मग तिने घड्याळ विचारलं. साडेनऊ वाजून गेले होते. सध्या आमची 'ययाति' चालू आहे, आणि काल आम्ही देवयानीपाशी थांबलो होतो.